यादीत खाली राहिलेला मुलगा : ज्युनिअर आइस हॉकीवर वाचकांचे प्रश्न

(नव्या वाचकांसाठी दोन ओळी. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, ३२ संघ दरवर्षी जूनअखेर होणाऱ्या ड्राफ्टमध्ये १८ वर्षांच्या आसपासचे खेळाडू सात फेऱ्यांत निवडतात. साधारण २२४ मुलांची नावं पुकारली जातात. त्याआधी यातली बरीच मुलं ज्युनिअर, म्हणजे साधारण १६ ते २० वर्षांच्या मुलांच्या, लीगमध्ये खेळत असतात. या वेळचे प्रश्न त्यातल्या मागच्या फेऱ्यांबद्दल आहेत.)

प्रश्न (ब्रॅम्प्टन, कॅनडा) : स्टीलहेड्स हा ज्युनिअर संघ २०२४ मध्ये मिसिसागाहून आमच्या गावात आला, तेव्हापासून आम्ही घरचे बहुतेक सामने बघतो. ड्राफ्टआधीच्या क्रमवारीच्या याद्या आल्या की वाटतं, आपल्याला आवडलेल्या मुलाला उगाच खाली ढकललंय. ही आपली माया आहे की त्याला खरंच कमी लेखलं जातंय, हे कसं ओळखायचं?

उत्तर : आधी यादी नीट वाचायला हवी. एनएचएलचा सेंट्रल स्काउटिंग, म्हणजे खेळाडू हेरणारा, विभाग एक नाही, चार याद्या काढतो : उत्तर अमेरिकेतले स्केटर (गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू), बाहेरच्या देशांतले स्केटर, आणि गोलरक्षकांच्या अशाच दोन. उत्तर अमेरिकी यादीत ६० वा असलेला मुलगा ड्राफ्टमध्येही ६० वा जाईल असं नाही. स्वीडन, फिनलंड, रशियातली मुलं आणि गोलरक्षक मध्ये शिरले की तो सहज तिसऱ्या फेरीत जातो. हंगामाच्या सुरुवातीच्या यादीत आकडे नसून अक्षरं असतात : ए म्हणजे पहिल्या फेरीची शक्यता, बी म्हणजे दुसरी-तिसरी, सी म्हणजे त्याखाली. जानेवारीत मधली क्रमवारी येते आणि एप्रिलच्या सुमारास शेवटची. पुष्कळ लोक ‘अन्याय झाला’ म्हणतात तेव्हा त्यांनी चार याद्यांपैकी एकच पाहिलेली असते.

त्यानंतरही मुलगा खाली वाटला, तर तो खाली का आहे हे शोधा. तुम्ही बसता त्याच रिंकमध्ये संघांचे स्काउट वर्षभर येऊन बसतात, त्यांना तो दिसलेला असतो. त्यांना न आवडलेली गोष्ट सापडल्याशिवाय तुमचं मत पुढे सरकत नाही. ती सापडली की ती निघून जाणारी आहे की राहणारी, एवढंच ठरवायचं असतं. उशिराची जन्मतारीख (म्हणजे बरोबरीच्यांत धाकटं असणं), दुखापत, भरलेल्या संघात तिसऱ्या ओळीवर (ओळ म्हणजे एकत्र उतरणारी तीन फॉरवर्डची, आक्रमकांची, तुकडी) मिळणारी मोजकी मिनिटं, उशिरा येणारी उंची ही जाणारी कारणं. खेळ वाचता न येणं, कोणी अंगावर आलं की पक (खेळायची रबरी चकती) टाकून मोकळं होणं, पक हातचा गेल्यावर दोन सेकंद तिथंच उभं राहणं ही बहुतेक वेळा राहतात.

मार्क स्टोन २०१० मध्ये सहाव्या फेरीत १७८ वा गेला. वेस्टर्न या ज्युनिअर लीगमधल्या ब्रँडन संघाकडून त्या हंगामात दुखापतीमुळे तो फार सामने खेळला नव्हता, आणि स्केटिंग जड होतं. पहिलं कारण लगेच गेलं. दुसरं पूर्ण गेलं नाहीच, पण समोरच्याच्या स्टिकवरून पक काढून घेण्याची त्याची हातोटी त्या उणिवेला पुरून उरली. २०२३ मध्ये व्हेगासने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा तो कर्णधार होता.

प्रश्न (पुणे) : सगळी मुलं एकाच ड्राफ्टची, तरी जाणकार जन्मतारखेवर एवढे का अडून बसतात?

उत्तर : कारण एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण होणारा मुलगा पात्र ठरतो. म्हणजे २०२६ च्या ड्राफ्टसाठी पहिल्यांदा पात्र होणारी मुलं १६ सप्टेंबर २००७ ते १५ सप्टेंबर २००८ मधली. सतराव्या वर्षी अकरा महिन्यांत मांड्यांची ताकद, वजन, पावलाचा जोर सगळं बदलतं. सप्टेंबरअखेर जन्मलेल्या मुलाचा लीगमधला तो बहुधा तिसरा हंगाम असतो. ऑगस्टमध्ये जन्मलेल्याचा दुसरा. दोघांचे गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) सारखे असतील, तर धाकट्याचं पारडं जड धरा.

मॅथ्यू शेफरचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा. अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये गेला असता. आजार आणि कॉलरबोनचं फ्रॅक्चर यांमुळे एरी ऑटर्स या ज्युनिअर संघाकडून हंगामात १७ च सामने खेळला, तरी २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याला पहिल्याच क्रमांकावर उचललं. तो काही दुर्लक्षित नव्हता. पण वय आणि दुखापत हे दोन्ही हिशेबात धरून निवड कशी होते, याचं याहून ठळक उदाहरण नाही. चौथ्या-पाचव्या फेरीत हाच हिशेब कोणी इतक्या बारकाईने करत नाही. तुमची संधी तिथं आहे.

प्रश्न (ब्रॅम्प्टनचेच दुसरे वाचक) : रिंकमध्ये बसून नेमकं बघायचं काय? आमची नजर पकच्या मागेच धावते.

उत्तर : सगळ्यांचीच धावते, आणि निम्मी चूक तिथंच होते. एका सामन्यात दोन, फार तर तीन मुलं निवडा. तुमचा मुलगा बर्फावर आहे तोवर फक्त त्याला बघायचं, पक कुठेही असो. एक शिफ्ट साधारण ४० ते ५० सेकंदांची. तो बाकावर बसला की मग सामना बघा. जागा वरची घ्या, कोपऱ्याच्या बाजूची. काचेलगत बसलं की वेग आणि धडका छान दिसतात, पण पास कुठल्या वाटेने जाऊ शकला असता ते दिसत नाही. एखादा पीरियड (सामन्याच्या तीन भागांपैकी एक) मात्र खाली येऊन बसा. पायांचा आवाज आणि बोर्डजवळची (रिंकच्या कडेच्या भिंतीजवळची) झटापट तिथूनच कळते.

सराव चुकवू नका. सामन्याआधीच्या वॉर्मअपमध्ये मुलगा दोन्ही बाजूंना वळतो का, की एकाच बाजूला सहज आणि दुसऱ्या बाजूला अवघडून, हे कुणाचाही दबाव नसताना स्वच्छ दिसतं.

आता डिफेन्समनचं, म्हणजे बचावपटूचं, एक काम जवळून बघू, कारण खालच्या फेऱ्यांतली चांगली मुलं इथं सापडतात. प्रतिस्पर्ध्याने पक आपल्या कोपऱ्यात टाकलाय, हा पाठमोरा होऊन तो घ्यायला निघालाय, मागून फोरचेकर (पक हिसकवायला धावणारा प्रतिस्पर्धी) सुटलाय. बघायचं त्याचं डोकं. वळतानाच एकदा खांद्यावरून मागे पाहिलं का? पकपासून दोनेक मीटरवर असताना पुन्हा एकदा पाहिलं का? ज्याने दोनदा पाहिलं त्याला पक स्टिकला लागण्याआधीच माहीत असतं की माणूस डाव्या खांद्यावर आहे. तो उजवीकडे जातोय असं भासवून पक डावीकडे साथीदाराला देतो, आणि प्रेक्षकांना काहीच घडलं नाही असं वाटतं. ज्याने पाहिलं नाही तो पक घेतो, मग बघतो, मग काचेवर आपटून बाहेर काढतो. असं एका सामन्यात दहा-बारा वेळा घडतं. प्रत्येक वेळी वहीत तीनपैकी एक खूण करा : पासने बाहेर, स्वतः घेऊन बाहेर, नुसता फेकून बाहेर. पाच सामन्यांनंतर ही पानं कुठल्याही गुणतक्त्यापेक्षा जास्त बोलतात.

फॉरवर्डसाठी वेगळं. पक मिळाल्यावर तो गोलसमोरच्या मधल्या भागात शिरतो की बाहेरच्या कडेने फिरत राहतो? ज्युनिअरमध्ये कडेवरून शंभर गोष्टी साधतात. वरच्या स्तरावर ती कड मोठी माणसं बंद करतात. बोर्डजवळ पक घेताना पाठीवर माणूस असला तर पाय रुंद रोवतो की हात लांबवून दूर राहतो? पास दिल्यावर लगेच हलतो का? आणि पक गमावल्यावरची पहिली तीन पावलं. त्याच शिफ्टमध्ये पक परत मिळवणाऱ्या मुलाला प्रशिक्षक मिनिटं देतो, आणि मिनिटांतूनच पुढचं सगळं घडतं.

किती वेळा बघायचं? पाचपेक्षा कमी सामन्यांवर मत बनवू नका, आणि ते पाचही घरचे नकोत. बाहेरगावचा एक, लागोपाठ दुसऱ्या दिवशीचा एक, बलाढ्य संघाविरुद्धचे निदान दोन. घरच्या सामन्यात समोरच्याने खेळाडू बदलल्यानंतर प्रशिक्षक आपले बदलू शकतो, त्यामुळे तो मुलाला कच्च्या प्रतिस्पर्ध्यासमोर उतरवतो. बाहेर ही सवलत नसते. आणखी एक : यादी बघण्याआधी तुमचं मत लिहून तारीख टाका. एकदा क्रमांक डोळ्यांसमोर आला की डोळे तेच शोधायला लागतात.

इंटरनेटवरच्या गोलांच्या क्लिपा म्हणजे दुरून डोंगर साजरे. त्यात नसलेली पन्नास मिनिटं बघायची असतात.

प्रश्न (ठाणे) : मी आकडेवारीतला माणूस आहे. सामने बघणं मला इथून जमत नाही. गुणांवरून काही सांगता येतं का?

उत्तर : येतं, पण एकूण गुण फोडल्याशिवाय नाही. हॉकीत एका गोलसाठी दोनपर्यंत असिस्ट (गोलआधीच्या पासचं श्रेय) मिळतात आणि गोल-असिस्ट दोन्हींना एकेकच गुण. त्यामुळे आकडा सहज फुगतो. एक कल्पित उदाहरण घ्या. ६८ सामन्यांत दोघांचेही ६२ गुण.

पहिला : २४ गोल, ३८ असिस्ट, पैकी २२ दुसरे असिस्ट (शेवटच्या पासच्या आधीच्या पासचे); ३१ गुण पॉवर प्लेवर (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना); गोलवर फटके १२०. दुसरा : २२ गोल, ४० असिस्ट, पैकी दुसरे १२ च, पॉवर प्लेवर १२ गुण, फटके २२०.

पहिल्याचे गोल किंवा शेवटच्या पासचे गुण ४०, दुसऱ्याचे ५०. पहिल्याचे २० टक्के फटके गोलमध्ये गेलेत. हा दर पुढच्या वर्षी टिकणं कठीण. दुसऱ्याचा दर १० टक्के, आणि एवढे फटके मारायच्या जागी तो स्वतः पोचतोय. पहिल्याचे निम्मे गुण समोर एक माणूस कमी असताना आलेत. वरच्या संघात पॉवर प्लेच्या पहिल्या पाचांत त्याला जागा मिळेलच असं नाही. मी दुसऱ्याला घेईन, आणि यादीत बहुधा पहिला वर असेल.

हा हिशेब घरबसल्या होतो. लीगच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याचा तक्ता असतो : गोल कुणाचा, असिस्ट कुठल्या क्रमाने, पाच-पाच खेळाडूंवर की पॉवर प्लेवर, आणि त्या वेळी बर्फावर कोण होतं. शेवटच्या रकान्यावरून आणखी एक गोष्ट काढा : आपल्या मुलाचे किती गुण संघातल्या सर्वांत भारी फॉरवर्डसोबत आलेत. ऐंशी टक्क्यांच्या पुढे असतील तर गाडी कोण ओढतंय हे आधी तपासा.

लीग बदलली की आकड्याची किंमत बदलते. यासाठी रूपांतराचे गुणक वापरतात, पण ते सरासरीवर बेतलेले असतात. एका मुलाचं भविष्य त्यातून निघत नाही. शिवाय २०२५-२६ पासून कॅनडातल्या मेजर ज्युनिअर लीगमधल्या खेळाडूंना अमेरिकी विद्यापीठांच्या संघांतून खेळायची मुभा मिळाली आहे. मोठी मुलं तिकडे सरकली की दोन्हीकडची पातळी हलते, म्हणून जुने गुणक डोळे मिटून लावू नका.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : बुटका आणि स्केटिंगमध्ये कच्चा, अशा मुलावर कुणी का पैज लावावी?

उत्तर : ब्रेडन पॉइंटमुळे. मूस जॉ वॉरियर्स या ज्युनिअर संघाकडून २०१३-१४ मध्ये त्याने ७२ सामन्यांत ९१ गुण केले, तरी २०१४ मध्ये तो ७९ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता : अंगाने लहान आणि पाय हळू. टॅम्पा बे संघाने एकच जागा वर यायला मिनेसोटाला सातव्या फेरीतली निवड देऊन टाकली. पुढे स्केटिंग प्रशिक्षक बार्ब अंडरहिल यांच्याबरोबर त्याने पावलं नव्याने घडवली. २०२० आणि २०२१ चे दोन स्टॅनले कप, २०२२-२३ मध्ये ५१ गोल.

पण स्केटिंग ‘कच्चं’ म्हणजे काय, ते फोडून सांगायला हवं. गुडघे पुरेसे न वाकणं, मागचा पाय पूर्ण ताणण्याआधीच उचलणं, तो परत आणताना शरीराखाली न आणता बाहेरून फिरवणं, खांदे वरखाली उसळणं : या तंत्राच्या गोष्टी आहेत, आणि मांडीत-कमरेत ताकद आली की बऱ्याच सुधारतात. मुलगा सतराव्या वर्षी सडपातळ असेल तर आणखीच आशा. याउलट पाय चांगले पण निर्णय उशिरा, अशा मुलाला लोक ‘हळू’ म्हणतात आणि उन्हाळाभर स्केटिंग शिकवतात. उपयोग होत नाही. ओळखायची खूण : मोकळ्या बर्फात वेगवान आणि गर्दीत मंद असेल तर अडचण पायांत नाही. पॉइंटचं उलटं होतं. पाय मागे, डोकं पुढे.

उंचीचंही तसंच. लेन हटसनने २०२२ मध्ये आपली हाडं अजून वाढतायत असा डॉक्टरांचा अहवाल संघांना दाखवला होता. तेव्हा तो पाच फूट आठ इंचांच्या आसपास. तरी ६२ व्या क्रमांकापर्यंत कुणी घेतला नाही. मॉन्ट्रियलने घेतला आणि २०२४-२५ मध्ये ६६ गुण करून तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

आता थंड पाणी. ही नावं आपल्याला माहीत आहेत कारण ती यशस्वी झाली. त्याच फेऱ्यांत गेलेली, तेवढीच बुटकी, तेवढेच गुण केलेली कित्येक मुलं एनएचएलचा एकही सामना खेळली नाहीत. म्हणून बुटक्या मुलात एक तरी गोष्ट नुसती चांगली नाही, त्याच्या लीगमध्ये सर्वांत वरची हवी. सगळंच बऱ्यापैकी असलेल्या बुटक्याला वर जागा नसते. सगळंच बऱ्यापैकी असलेल्या सहा फुटीला चौथ्या ओळीवर असते. अन्याय आहे खरा, पण खेळ असाच आहे.

प्रश्न (नाशिक) : ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांना किती महत्त्व द्यावं?

उत्तर : थोडं. ड्राफ्टआधीच्या त्या शिबिरात ३० सेकंदांची जीव काढणारी सायकल, उड्या, पकड, पुल-अप असं बरंच असतं, पण बर्फावर कुणी उतरतच नाही. २०१४ मध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप जमला नाही आणि त्यावरून त्याची भरपूर थट्टा झाली. कॅलगरीने त्याला चौथा घेतला. २०२५ च्या प्लेऑफमध्ये (कपसाठीच्या बाद फेऱ्यांत) फ्लोरिडाकडून तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघांना तिथं खरा रस असतो तो वैद्यकीय तपासणीत आणि मुलाखतीत.

प्रश्न (स्टॉकहोम) : इथली मुलं ज्युनिअर आणि मोठ्यांच्या संघात अधूनमधून खेळतात. त्यांना कसं मोजावं?

उत्तर : मिनिटांवर. मोठ्यांच्या लीगमध्ये वीस सामने आणि शून्य गुण हे वाचून बिचकू नका. दर सामन्याला चार-पाच मिनिटं मिळाली असतील तर त्यात गुण कुठून येणार? अशा मुलाने त्या चार मिनिटांत चूक केली नाही, आणि ज्युनिअरमध्ये परतल्यावर सामना ताब्यात घेतला, तर तो वरचा. तुमच्याकडे मोठं बर्फ ३० मीटर रुंद असतं, एनएचएलचं सुमारे २६. त्या चार मीटरांत ज्याचा सगळा खेळ कडेकडेने चालतो त्याची जागा तिकडे गेल्यावर नाहीशी होते. म्हणून गर्दीतला खेळ जास्त वेळ बघा.

आणि ज्याला बघायला गेलात त्याच्या समोरच्याकडेही नजर असू द्या. डेट्रॉइटचे स्काउट हाकन अँडरसन डिफेन्समन दिमित्री कालिनिनला बघायला गेले असता त्यांना पावेल दात्सुक सापडला. त्याच्यावरून आधीचे ड्राफ्ट निघून गेले होते. १९९८ मध्ये तो १७१ वा गेला. पुढच्या वर्षी त्याच संघाने हेन्रिक झेटरबर्गला २१० वा घेतला. दोघंही पुढे त्या संघाचे आधारस्तंभ झाले.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : गोलरक्षकांबद्दल कुणीच का लिहीत नाही?

उत्तर : कारण सगळेच चुकतात. गोलरक्षक उशिरा पिकतो. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा गेला तेव्हा टेक्ससमधल्या ओडेसासारख्या आडगावच्या संघात खेळत होता. २०२५ पर्यंत त्याला सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान तीनदा मिळाला. थांबवलेल्या फटक्यांची टक्केवारी एका हंगामाची असेल तर सोडून द्या. अडवलेला पक कोपऱ्यात जातो की समोर पडतो, आणि गुडघ्यांवरून उठून दुसऱ्या खांबाकडे जाताना शरीर सरळ राहतं का, एवढं बघा.

प्रश्न (एडमंटन) : मुलाला स्काउटिंगमध्ये रस आहे. त्याने रिपोर्ट कसा लिहावा?

उत्तर : ‘चांगला स्केटर, मेहनती, हुशार’ असं लिहिलेला रिपोर्ट कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही. विशेषण काढून घटना लिहायची : ‘दुसऱ्या पीरियडमध्ये निळ्या रेषेवर दोघांनी घेरलं, पक मागे न देता थांबला, मागून येणारा साथीदार पोचेपर्यंत धरून ठेवला, मग दिला. सामन्यात तीनदा.’ वर तारीख, प्रतिस्पर्धी, कुठल्या ओळीवर, कुणाबरोबर, पॉवर प्लेवर होता का. खाली तीन गोष्टी : वरच्या स्तरावर तो नक्की कुठलं काम करेल, ते होण्यासाठी काय बदलावं लागेल, आणि ते बदललं नाही तर काय उरेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर तो शेवटच्या फेरीतला जुगार आहे, तसं स्पष्ट लिहा. कुठल्या फेरीत घ्यावा हेही लिहा. नुसतं ‘आवडला’ लिहिलं तर पाचव्या फेरीत टेबलावर बसलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो.

प्रश्न (सरी, ब्रिटिश कोलंबिया) : नाव पुकारलंच गेलं नाही, तर संपलं का?

उत्तर : नाही. उत्तर अमेरिकेतला मुलगा वीस वर्षांपर्यंत पुढच्या ड्राफ्टमध्येही पात्र राहतो, संघ उन्हाळ्यातल्या शिबिरांना न निवडलेल्यांनाही बोलावतात, आणि नंतर थेट करारही होतो. तुमच्याच गावचा अर्शदीप बैन्स कुठल्याही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. २०२१-२२ मध्ये रेड डीअरकडून ६८ सामन्यांत ११२ गुण करून तो वेस्टर्न लीगमध्ये पहिला आला, त्याच मार्चमध्ये व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला. मात्र रेड डीअरकडचा तो हंगाम खेळताना तो एकविशीत शिरला होता, समोर सोळा-सतरा वर्षांची मुलं होती. असे आकडे करारापर्यंत नेतात. त्यापुढे पहिल्या दोन ओळींत जागा मिळेल असं त्यावरून धरता येत नाही, म्हणून अशा मुलाची वही उघडाल तेव्हा पेनल्टी किल (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा बचाव) आणि बोर्डजवळच्या झटापटीच्या नोंदी आधी वाचा.